नैरोबी ते मसाई मारा रस्त्याने: व्हॅन की लँड क्रूझर? आणि पाठीचं काय?

घाटवळण
नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीत, केनियाचा बेत आहे. माणसं सहा: दोन सत्तरीचे, दोन चाळिशीचे, मुलं १२ आणि ७ वर्षांची. मसाई मारा अभयारण्यात तीन रात्री. ज्येष्ठांपैकी एकाला मणक्याचा त्रास आहे. टूरवाले दोन पर्याय देतात. एक, उघडणाऱ्या छताची व्हॅन. दोन, लँड क्रूझर, पण ती बरीच महाग. सगळे म्हणतात "पाच-सहा तास लागतात", आणि नेटवर "रस्ता भयंकर आहे" इथपासून "एक्सप्रेसवेसारखा आहे" इथपर्यंत सगळं सापडतं. तर प्रश्न असे:
१. रस्ता नक्की कुठे चांगला, कुठे वाईट?
२. कोणती गाडी, आणि पाठीचा त्रास असलेल्या माणसाला कुठे बसवायचं?
३. राहायचं कॅम्पच्या तंबूत, तिथे ज्येष्ठांचे हाल होतील का?

काळीमाती
१ चं उत्तर. नेटवरचं बरंचसं जुनं आहे. नारोक ते माराचं सेकेनानी गेट हा शेवटचा ८०-९० किलोमीटरचा टप्पा पूर्वी खडी आणि धुळीचा होता आणि "आफ्रिकन मसाज" वगैरे विनोद तिथलेच. तो आता डांबरी आहे. म्हणजे नैरोबीहून सेकेनानी गेटपर्यंत, साधारण २३० किलोमीटर, सलग डांबर. टप्पे असे:

नैरोबी शहरातून बाहेर पडणं हीच खरी परीक्षा. विमानतळावरून थेट निघणार असाल तर ड्रायव्हरला टोलचा नैरोबी एक्सप्रेसवे घ्यायला सांगा. २०२२ मध्ये सुरू झालेला २७ किलोमीटरचा उन्नत रस्ता आहे, म्लोलोंगो ते वेस्टलँड्स. वेस्टलँड्सला उतरलं की तोंड थेट लिमुरूच्या दिशेलाच असतं. खालच्या रस्त्याने तेवढ्याच अंतराला गर्दीच्या वेळी दोन तास जाऊ शकतात.

पुढे लिमुरूच्या चहाच्या मळ्यांपर्यंत चढ. उंची २२०० मीटरच्या आसपास, सकाळी थंडी आणि धुकं. स्वेटर डिकीत नको, हाताशी ठेवा. मग रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरून माई महिउ, तिथून सपाट रस्त्याने नारोक. नारोकच्या पुढे एवासो न्गिरो गावात डावीकडे वळलं की सेकेनानी.

थांबे धरून सहा तास. पाच तास म्हणणारा तुम्हाला लघवीलाही थांबू देणार नाही.

पंक्चरवाला
घाटाबद्दल भर घालतो, कारण या प्रवासात धोका तिथेच आहे, सिंहांच्या जवळ नाही.

उतरायला दोन रस्ते आहेत. वरचा नाकुरू महामार्ग नैवाशाकडे जातो, आणि खालचा जुना रस्ता माई महिउला. माराला जाणारे सगळे खालच्याने जातात. अरुंद, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका, एका बाजूला कडा, आणि मालाचे ट्रक. ट्रकचे ब्रेक तापतात, वास येतो, आणि मागच्या गाड्या अधीर होऊन वळणावर ओव्हरटेक करतात. खंबाटकी जुना होता तेव्हाचा आठवा. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर उतरतोय ना, एवढं कानाने कळतं. इंजिनचा आवाज चढा असेल तर ठीक. गाडी गप्प आणि ब्रेकचा पाय सतत दाबलेला असेल तर बोला.

प्रवासी आणि व्यावसायिक गाड्यांना महामार्गावर ताशी ८० ची मर्यादा, गावात ५०. पोलीस स्पीडगन घेऊन असतातच. त्यामुळे "लवकर पोचवतो" म्हणणाऱ्याला बक्षीस कबूल करू नका.

आणि शुक्रवारी दुपारी निघणं किंवा रविवारी संध्याकाळी परतणं टाळा. अख्खं नैरोबी त्याच घाटात असतं.

चहात बिस्किट
घाटाच्या पायथ्याशी इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ साली बांधलेलं चिमुकलं चर्च आहे. रस्ता त्यांच्याकडूनच करून घेतला होता. पाच मिनिटं थांबण्यासारखं. वरच्या व्ह्यू पॉइंटवर मात्र फक्त फोटो आणि स्वच्छतागृह. लाकडी जिराफाची किंमत सांगतील त्याच्या पाव भागापासून बोलणी सुरू करा. तोच जिराफ नारोकलाही आहे.

तुळशीबाग
पाव भाग? मग आम्ही काय उगीच प्रशिक्षण घेतलंय?

काळीमाती
माई महिउचा अर्थ किकुयू भाषेत "गरम पाणी". त्या टापूतली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, भुसभुशीत. मार्च २०१८ मध्ये सुस्वाजवळ पावसाने ती आतून वाहून गेली, मोठी भेग पडली आणि हाच नारोक रस्ता तुटला. "आफ्रिका दुभंगतेय" म्हणून जे फोटो फॉरवर्ड होत होते ते तिथलेच. एप्रिल २०२४ च्या पुरात माई महिउला मोठी जीवितहानी झाली, आणि लगेच मे महिन्याच्या सुरुवातीला तालेक नदीचं पाणी मारातल्या कॅम्पांत शिरलं. म्हणून नोव्हेंबर म्हणता तेव्हा पावसाचा विचार करावाच लागेल. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबर छोटा. छोटा म्हणजे बहुधा दुपारची जोरदार सर आणि सकाळी लख्ख. पण ती सर पुरते.

दुर्बीण
आणि नोव्हेंबरमध्ये ग्रेट मायग्रेशन, म्हणजे विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचं स्थलांतर, नसतं, हे टूरवाल्याने सांगितलंय का? नदी ओलांडणारे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. नोव्हेंबरपर्यंत बहुतेक विल्डबीस्ट टांझानियातल्या सेरेंगेटीत परत. सिंह, हत्ती, चित्ते, जिराफ बारमाही आहेतच, गर्दीही कमी. पण प्रवेशशुल्क मात्र मोसमाचंच.

हिशेबनीस
दुर्बीण यांनी दुखरी नस पकडली. आकडे मांडतो.

२०२४ पासूनचे दर, परदेशी प्रौढांना दर दिवशी: जानेवारी ते जून १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वयाला वर्षभर ५०. त्याखालच्यांना माफ. म्हणजे घाटवळण यांच्या कुटुंबाला नोव्हेंबरमध्ये एका दिवसाला ४ × २०० + ५० = ८५० डॉलर. हेच जूनमध्ये ४५०.

आता खरी मेख. पूर्वी तिकीट २४ तासांचं होतं, आता सकाळी ६ ते संध्याकाळी ६, असं १२ तासांचं. कॅम्प रिझर्व्हच्या आत असेल आणि तुम्ही दुपारी ३ ला गेटवर पोचलात, तर तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे ८५० द्यायचे. तीन रात्रींना तीन तिकिटं. शेवटच्या दिवशी सकाळी १० च्या आत बाहेर पडलात तर त्या दिवसाचं नाही.

कॅम्प गेटबाहेर घेतला, सेकेनानी किंवा तालेकच्या बाजूला, तर पहिल्या दिवशी आत जायचंच नाही. आंघोळ, चहा, पाठ टेकणं. दुसरा आणि तिसरा दिवस सकाळी ६ ला गेटवर, पूर्ण बारा तास. चौथ्या दिवशी थेट परत. दोन तिकिटं. ८५० डॉलर वाचले, आणि व्हॅन व लँड क्रूझरमधला फरक बहुतेक त्यातच निघेल.

कोटेशनमध्ये "शुल्कासह" लिहिलं असेल तर किती दिवसांचं, ते लेखी घ्या.

घाटवळण
हे कोणीच सांगितलं नव्हतं. कोटेशनमध्ये कॅम्प "मसाई मारा" एवढंच लिहिलंय.

हिशेबनीस
मग पहिला प्रश्न तोच विचारा: कोणतं गेट, आत की बाहेर. सेकेनानी, ओलोलाइमुटिया, तालेक, मुसियारा, ओलोलूलो, प्रत्येकाला जायचा रस्ता वेगळा. ओलोलूलो म्हणजे नदीपलीकडचा मारा ट्रँगल, त्याची व्यवस्थाही वेगळी आहे. तिथला कॅम्प असेल तर "सहा तास" विसरा. मॅपवर जवळ दिसतं, पण मध्ये नदी आहे.

विमानवेडा
एवढी उस्तवार कशाला? नैरोबीतल्या छोट्या विल्सन विमानतळावरून विमानाने ४५ मिनिटं. मणक्याचा त्रास असताना सहा तास गाडीत बसवणं हा छळ आहे.

पंक्चरवाला
विमान उतरतं ते मातीच्या धावपट्टीवर, आणि तिथून पुढे सगळा रस्ता मातीचाच. डांबर टळतं, दगड नाही. शिवाय सामान माणशी १५ किलो, मऊ पिशवीतच. चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. सहा जणांचं भाडं जोडून पहा, आणि तिथे गेल्यावर फिरायला गाडी वेगळी लागतेच.

मधला मार्ग आहे: गाडी रस्त्याने सामान आणि बाकीच्यांना घेऊन जाते, दोन ज्येष्ठ विमानाने. तीच गाडी त्यांना धावपट्टीवर घ्यायला येते. किंवा जाताना सगळे रस्त्याने, येताना फक्त ते दोघं विमानाने.

विमानवेडा
हे पटलं. पण विल्सन शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, मुख्य विमानतळाहून तिथे जायलाही वेळ धरा.

काळीमाती
आता प्रश्न २. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की लँड क्रूझर म्हणजे आरामदायी. सफारीतली लँड क्रूझर म्हणजे ७० मालिकेचा मजबूत सांगाडा, लांबवलेला, वर उघडणारं छत. मागे पानांच्या स्प्रिंगा, पाटेच म्हणा. वजन वाहायला केलेली गाडी आहे, सहा माणसं आणि बॅगा म्हणजे तिला काहीच नाही, त्यामुळे उलट कडक लागते. डांबरावर टोयोटा हायेस व्हॅन पाठीला जास्त बरी. पायरीही खाली असते, सत्तरीच्या माणसाला चढता येतं.

व्हॅन हरते ती आत, पाऊस झाल्यावर. मारातली बरीचशी माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखीच काळी, कापसाची. वाळली की भेगा, भिजली की साबण. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांमध्ये गच्च बसते आणि टायर गुळगुळीत चेंडूसारखा होतो. बऱ्याच व्हॅनमध्ये जोर फक्त दोन चाकांना असतो आणि पोट जमिनीच्या जवळ. नाल्याच्या, तिकडच्या भाषेत लुगाच्या, काठावर त्या अडकतात आणि मग तुमची सकाळ दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात जाते.

म्हणून जून ते ऑक्टोबरला व्हॅन चालेल. नोव्हेंबरला लँड क्रूझरच.

पंक्चरवाला
सहमत. फक्त चिखलात ड्रायव्हर कसा चालवतो तेही महत्त्वाचं. चिखलात उतरण्याआधी फोर व्हील लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर, लावायचा, रुतल्यावर नव्हे. दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये ब्रेक नाही, थांबणं नाही. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीत न जाता मधल्या उंचवट्यावर. रुतलीच तर चाक फिरवत राहिलं की आणखी खड्डा खणला जातो. जॅक लावायचा तर खाली रुंद लाकडी फळी हवी, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. सांगायला सोपं, पण फळी नसलेल्या गाड्या बऱ्याच असतात. निघताना मागे डोकावून बघा: दोन स्टेपन्या, फळी, ओढायचा पट्टा, फावडं. एक स्टेपनी असेल तर नारोकच्या पुढे जाऊ नका. तिकडचे बाभळीचे काटे आपल्या बाभळीची थोरली भावंडं आहेत.

रबरी
टायरमधली हवा कमी केली की खडबडीत रस्त्यावर धक्के कमी होतात, हे कोणी लिहिलं नाही. ड्रायव्हरला सांगून आत शिरताना थोडी उतरवून घ्या.

पंक्चरवाला
अर्धं बरोबर. वाळूत आणि पन्हाळी पडलेल्या, म्हणजे पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या रस्त्यावर फायदा होतो, चिखलात फारसा नाही. आणि हवा कमी असताना दगडावर आपटलं तर टायरची बाजू कापली जाते. ती पंक्चरसारखी चिकटवता येत नाही. परत भरायला कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर ८० च्या वेगाने डांबरावर तोच मऊ टायर तापून फुटतो. कॉम्प्रेसर असेल तरच हा उद्योग.

रबरी
कॉम्प्रेसरचा मुद्दा मान्य. बाजू कापण्याचा नाही, हळू चालवलं तर नाही कापत.

पंक्चरवाला
हळू चालवणारा ड्रायव्हर मिळाला तर निम्मे प्रश्न हवा न काढताच सुटतात!

खमंग
अवांतर, पण महत्त्वाचं: लाडू-चिवडा कशात नेणार? केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि शिक्षा कडक. जून २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, प्लेटा, चमचे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या न्या. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीही उतरण्याआधी काढून टाका. पाण्याला स्टीलची बाटली, कॅम्पमध्ये भरून मिळते.

शाकाहाराची काळजी नको. पूर्व आफ्रिकेत गुजराती मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे कॅम्पच्या आचाऱ्यांना डाळ, भाजी, चपाती नवीन नाही. कांदा-लसूण नको असेल तर मात्र आधी लेखी कळवा. स्थानिकांपैकी गिथेरी, म्हणजे मका-राजमा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी बिनधास्त खा, मात्र त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारून.

सफरचंद
चपातीला स्वाहिलीत चपातीच म्हणतात. चहाला चाय, दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, कोशिंबिरीला कचुंबरी. आणि सफारी म्हणजे आपला सफर, फक्त प्रवास. सिंह दिसलाच पाहिजे असं त्या शब्दात कुठेही नाही.

तुळशीबाग
टूरवाल्याच्या करारातही नाही.

दवाखाना
गाडीच्या चर्चेत सगळ्यात आधीची गोष्ट राहिली. भारतात परत येताना केनियाहून येणाऱ्यांना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यापासून दहाव्या दिवसानंतरच ते ग्राह्य, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालतं. नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते.

मुद्दा ज्येष्ठांचा. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. जिवंत विषाणूची लस आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर विशेषच. त्यामुळे सत्तरीच्या दोघांनी तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना भेटावं, काढल्यावर नव्हे. त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचं विचारा. मारा दीड हजार मीटर उंचीवर असलं तरी मलेरिया आहे.

प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी, ईटीए, प्रत्येकाची वेगळी, ७ वर्षांच्या मुलाचीसुद्धा.

घाटवळण
लसीचं खरंच लक्षात नव्हतं, उद्याच वेळ घेतो. प्रश्न ३ बाकी आहे. आणि एका मित्राने "मारातून तसंच सेरेंगेटीत जा, लागूनच आहे" असं सुचवलंय.

दुर्बीण
लागून आहे, पण पर्यटकांना तिथून ओलांडता येत नाही. इसेबानियाच्या सीमेवर वळसा घालून जावं लागतं आणि तिथे गाडी बदलावी लागते, केनियाची सफारी गाडी टांझानियात फिरवू देत नाहीत. आणि "रस्ता भयंकर" हे तिकडे खरं आहे: गोरोंगोरोच्या कड्यावरून नाबी हिल गेटपर्यंत पन्हाळीच पन्हाळी. तीन रात्रींत दोन देश करू नका, मणक्याची दया करा.

चहात बिस्किट
प्रश्न ३: "टेंटेड कॅम्प" म्हणजे गिर्यारोहणाचा तंबू नव्हे. सिमेंटच्या जोत्यावर किंवा लाकडी फळ्यांवर जाड कापडाचा तंबू, आत खरे पलंग, मागे संडास-बाथरूम. हाल होतील ते चार गोष्टींनी.

गरम पाणी ठरावीक वेळीच. कुठे सौर, कुठे लाकडाच्या बंबावर. पोचल्यावर वेळ विचारा.

वीज बहुतेक ठिकाणी ठरावीक तास. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, आपला प्लग बसत नाही. रात्री श्वासाचं यंत्र लागत असेल तर बुकिंगच्या आधी विचारा, हे आयत्या वेळी सुटत नाही.

तंबू भोजनगृहापासून लांब असू शकतो. जवळचा, पायऱ्या नसलेला मागा. बऱ्याच कॅम्पांना कुंपण नसतं, अंधार पडल्यावर अस्करी म्हणजे रखवालदार सोबत येतो. त्याच्याशिवाय बाहेर पडायचं नाही, अगदी वीस पावलंही नाही.

चौथी गोष्ट झिप. ती कायम बंद. माकडांना लाडूचा वास तुमच्याआधी येतो.

काळीमाती
बसण्याच्या जागेचं राहूनच गेलं. दोन्ही आसांच्या मधली रांग सगळ्यात कमी उसळते. मागच्या चाकावरची आणि त्यामागची सगळ्यात जास्त, तिथे मुलांना बसवा, त्यांना मजा येते. पाठीचा त्रास असलेल्यांना ड्रायव्हरशेजारची किंवा मधली. ड्रायव्हरशेजारून समोर दिसतं, पण छतातून उभं राहता येत नाही, म्हणून महामार्गावर पुढे आणि आत मधल्या रांगेत. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल. लँड क्रूझरवर चढायला ड्रायव्हरकडे लाकडी स्टूल असतं का, विचारा. नाहीतर प्रत्येक थांब्यावर त्यांना हात धरून चढवावं लागतं आणि मग ते उतरायलाच नकार देतात, पाणीही पीत नाहीत.

हिशेबनीस
निघायची वेळ? सकाळी साडेसहा. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने साधारण साडेसहाच्या आसपास उगवतो आणि तितक्यालाच मावळतो, संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. रात्री या रस्त्यावर गुरं, बिनदिव्यांचे ट्रक आणि न रंगवलेले गतिरोधक. तिथल्या सकाळी साडेसहाला आपल्या घड्याळाने नऊ वाजलेले असतात, अडीच तासांचा फरक, त्यामुळे सगळे आपोआप लवकर उठतात. साडेसहाला निघून नारोकला दहा-साडेदहा. तिथे डिझेल पूर्ण, एटीएम, स्वच्छतागृह, सुटे शिलिंग. पुढे या तिन्हींचा भरवसा नाही. डॉलर न्यायचे तर नव्या नोटा, जुन्या आणि फाटक्या घेत नाहीत.

खमंग
"या तिन्हींचा" म्हणताना तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात.

हिशेबनीस
स्वच्छतागृह पुढेही आहे. झुडूप म्हणतात त्याला. पण गाडीच्या मागच्याच बाजूला, ड्रायव्हरने आधी बघून घेतल्यावर.

घाटवळण
ठरलं: गेटबाहेरचा कॅम्प सेकेनानीच्या बाजूला, लँड क्रूझर, दोन पूर्ण दिवस आत. येताना ज्येष्ठांच्या विमानाचं भाडं मागवलंय. टूरवाल्याला फळी, दोन स्टेपन्या आणि स्टूल विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही आधी येऊन गेलाय का?"